चिरंजिवांनी अर्धीच गोष्ट सांगितली

प्रश्न : माझा मुलगा 29 वर्षांचा, पुण्यात आयटीत आहे. पगार उत्तम. गेली दोन वर्षं गिटार घेऊन इंग्रजी कंट्री गाणी लिहितो आणि आता नोकरी सोडायची म्हणतो. काही बोललं की क्रिस क्रिस्टोफरसनचं नाव पुढे करतो. ऑक्सफर्डला शिकलेला, सैन्यात कॅप्टन, सगळं सोडून नॅशव्हिलला गेला, स्टुडिओत झाडू मारला आणि मोठा झाला. ही गोष्ट खरी की यूट्यूबवरची? आणि या लोकांचं पोट नेमकं कशावर भरतं? त्याच्या आईने तर अबोला धरलाय.
– एक वाचक, सांगली

उत्तर : गोष्ट खरी आहे, पण चिरंजिवांनी ती सोयीपुरती सांगितली.

क्रिस्टोफरसन हा अमेरिकन कंट्री गीतकार-गायक, टेक्सासचा. ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला जाऊन इंग्रजी साहित्य शिकला, मग सैन्यात हेलिकॉप्टर चालवू लागला. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत इंग्रजी शिकवायची जागा समोर होती. ती नाकारून 1965 मध्ये त्याने राजीनामा दिला आणि कंट्री संगीताचं माहेरघर नॅशव्हिल गाठलं. वय तेव्हा 29, तुमच्या मुलाइतकंच. कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत तो झाडू मारायचा, ॲशट्रे रिकामे करायचा. 1966 मध्ये नामवंत गायक-गीतकार बॉब डिलन तिथे रेकॉर्डिंगला आला, तेव्हा हा तिथेच सफाईच्या कामावर होता. बोलायचं धाडस झालं नाही.

आता उरलेली अर्धी. झाडूवर त्याचं घर चाललं नाही. बायको-मुलं होती, मुलाच्या आजारपणाचा खर्च होता. म्हणून तो लुइझियानाला जाऊन मेक्सिकोच्या आखातातल्या तेलाच्या रिगवर माणसं पोचवू लागला, जशी आपल्याकडे जुहूहून बॉम्बे हायला हेलिकॉप्टरं जातात. एक आठवडा तिथे, एक आठवडा नॅशव्हिलला. फेरीनंतर मोकळा वेळ मिळायचा, त्यात लिहायचं. त्याची काही उत्तम गाणी त्या दिवसांतली आहेत. म्हणजे पगार देणारं कसब त्याने सोडलं नव्हतं, फक्त वर्दी सोडली होती. हे चिरंजिवांना जरूर सांगा. (लग्न मात्र टिकलं नाही, हेही सांगा.)

झाडूचा खरा उपयोग काय? ज्या इमारतीत गाणी रेकॉर्ड होतात, तिच्या आत राहता आलं. कोण काय गातो, कुणाला काय हवंय हे ऐकायला मिळालं.

पोट कशावर भरतं, हा प्रश्न तुम्ही नेमका विचारलात. तो गायक म्हणून नव्हे, गीतकार म्हणून उभा राहिला. स्वतःच्या आवाजाला तो बेडकाचा आवाज म्हणायचा. त्याचं ‘मी अँड बॉबी मॅगी’ आधी 1969 मध्ये कंट्री गायक रॉजर मिलरने गायलं. मग रॉक गायिका जॅनिस जॉप्लिनने गायलं, आणि तिच्या मृत्यूनंतर 1971 मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. त्याचं ‘संडे मॉर्निंग’ प्रसिद्ध कंट्री गायक जॉनी कॅशने टीव्हीवर गायलं आणि 1970 मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनचा वर्षातल्या सर्वोत्तम गाण्याचा मान त्या गाण्याला मिळाला. कॅशच्या अंगणात हेलिकॉप्टर उतरवून त्याने गाण्याची टेप दिली, ही कथाही मुलाने ऐकवली असेल. उतरवलं हे खरं. एका हातात बिअर होती वगैरे मीठमसाला कॅशचा. क्रिस्टोफरसनच्या म्हणण्याप्रमाणे कॅश त्या वेळी घरीच नव्हता.

तेव्हा अमेरिकन कायद्याने गाण्यापोटी रेकॉर्डच्या दर प्रतीमागे 2 सेंट मिळत. हा दर 1909 पासून 1978 पर्यंत हललाच नाही. त्यातले निम्मे सहसा प्रकाशकाचे. म्हणजे दहा लाख प्रती खपल्या तर लिहिणाऱ्याच्या हाती 10,000 डॉलर. शिवाय तिथे रेडिओवर गाणं लागलं की गायकाला दमडी मिळत नाही, लिहिणाऱ्याला आणि प्रकाशकाला मिळते. जॉप्लिनचा आवाज जितक्यांदा वाजला, तितक्यांदा पैसे क्रिस्टोफरसनच्या खात्यात.

आजही नॅशव्हिलची वाट साधारण अशीच आहे. ब्लूबर्ड कॅफे नावाची जागा 1982 पासून आहे, दुकानांच्या रांगेत, जेमतेम नव्वद माणसं बसतील एवढी. तिथे गीतकार गोल बसून आपापली गाणी म्हणतात. कुणा प्रकाशकाला आवडलं तर तो महिन्याला उचल देतो आणि पुढे रॉयल्टीतून वळती करून घेतो. तो पगार नव्हे, हे पोरांना उशिरा कळतं.

आता माझं ऐका. 1987 मध्ये मी गिरगावात एका कॅसेटवाल्याला आठ भक्तिगीतं दिली. गाण्याला सव्वाशे रुपये. व्हाउचरवर रेव्हेन्यू स्टॅम्प, त्यावर सही, वर टाइप केलेलं ‘सर्व हक्कांसह’. हजार रुपये एकदम बघून मी बायकोला साडी घेतली आणि कागद वाचलाच नाही. त्यातलं एक गाणं अजून गणपतीत आमच्या चौकातल्या मंडपात वाजतं. माझं नाव कॅसेटच्या वेष्टनावर होतं, पेनड्राइव्हवर नाही.

तुमच्या मुलाचं नशीब बरं. 2012 मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. आता सिनेमातल्या किंवा ध्वनिमुद्रित गाण्याच्या रॉयल्टीतला आपला वाटा गीतकार-संगीतकाराला कंपनीच्या नावे कायमचा लिहून देता येत नाही. वारसांना किंवा वसुली करणाऱ्या संस्थेला देता येतो, बस. गाणी प्रसिद्ध व्हायला लागली की त्याने आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांसाठी अशी वसुली करणाऱ्या संस्थेचं, सभासदत्व घ्यावं. नोकरी आज सोडायचं कारण मला दिसत नाही. शनिवार-रविवारी लिहून पुरी झालेली किती गाणी आहेत, ते आधी मोजू दे. आणि दुसऱ्या कुणी त्यातलं एक तरी गायलं का, तेही विचारा.

वहिनींना एवढं सांगा की क्रिस्टोफरसनच्या आईनेही पत्र लिहून संबंध तोडले होते. ते पत्र नॅशव्हिलच्या मित्रांत थट्टेचा विषय झालं. अबोल्याने तो काही परत फिरला नाही.

मुलाची वही मला पाठवायला हरकत नाही. इंग्रजीत असली तरी वाचतो. फक्त मूळ प्रत नको, झेरॉक्स पाठवा, आणि प्रत्येक पानावर तारीख घालून.