वेगात गेल्यावर काळ खरंच मंदावतो, की फक्त घड्याळ मंद चालतं? आणि मंदावत असेल तर आपल्याला ते जाणवत का नाही?

काळच मंदावतो. घड्याळाला उगाच मध्ये आणू नका. एवढं ठासून सांगते कारण नेमक्या याच प्रश्नावरून एमएस्सीच्या व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) माझी एक्स्टर्नलशी, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकांशी, जुंपली होती, आणि विषय निघाला की अजून डोकं फिरतं.

माझा प्रोजेक्ट म्युऑनचं आयुष्य मोजण्याचा. म्युऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचा जड, अल्पायुषी भाऊबंद. वैश्विक किरण, म्हणजे अवकाशातून येणारे वेगवान कण, साधारण 15 किलोमीटर उंचीवर हवेवर आदळतात, त्यातून हे कण निघतात. आत्ता हे वाचताना तुमच्या तळहातातून सेकंदाला एखाददुसरा आरपार जातोय. आमच्याकडे प्लास्टिक सिंटिलेटरचा (कण आत शिरला की लकाकणाऱ्या प्लास्टिकचा) एक ठोकळा, त्याला चिकटवलेली, ती लकाकी टिपणारी फोटोमल्टिप्लायर ट्यूब आणि सगळ्यावर काळी टेप. टेपचा कोपरा जरा सुटला आणि लॅबमधली ट्यूबलाइट कुणी लावली की काउंट सैरावैरा धावायचे. मी आणि माझी पार्टनर टेपवर टेप मारत बसायचो. एकदा उजेड पूर्ण बंद झाला की खरी गंमत. एखादा म्युऑन ठोकळ्यातच थांबतो, तेव्हा एक लकाकी. मग तो फुटून इलेक्ट्रॉन निघतो, ती दुसरी. या दोहोंमधला वेळ मोजत राहायचा आणि आलेख काढायचा. आमचं उत्तर 2.1 मायक्रोसेकंदांच्या आसपास आलं.

एक्स्टर्नल म्हणाले, "पुस्तकात 2.197 आहे. तुमची एरर आहे." अहो, पुस्तकातला आकडा मोकळ्या म्युऑनचा! ठोकळ्यात थांबलेल्या ऋण (निगेटिव्ह विद्युतभाराच्या) म्युऑनांपैकी काहींना कार्बनचं अणुकेंद्र गिळून टाकतं, म्हणून सरासरी खाली येते. यायलाच हवी. पण ऐकतंय कोण. मी पुढे म्हटलं, एवढ्याशा आयुष्यात प्रकाशाच्या वेगानेही जेमतेम 660 मीटर कापले जातात, तरी हे कण जमिनीपर्यंत पोचतात, कारण त्यांचा काळ मंदावलेला असतो. त्यावर सर म्हणाले, "काळबिळ काही नाही, उपकरण मंदावतं." आणि मार्क कापले.

कुठलं उपकरण? म्युऑनमध्ये ना स्प्रिंग, ना बॅटरी. फ्रिश आणि स्मिथ यांनी 1963 साली छापलेला प्रयोग बघा. अमेरिकेतल्या माउंट वॉशिंग्टनवर, 1910 मीटर उंचीवर, त्यांना ठरावीक वेगाचे म्युऑन तासाला साधारण 563 मिळाले. खाली समुद्रसपाटीजवळ काळ न मंदावता उरायला हवे होते 27. मिळाले 408. दोन्हीकडे मोजणारं यंत्र जमिनीवर स्थिर होतं, त्याचा वेग शून्य. मंदावलं ते म्युऑनचं आयुष्य. युरोपातल्या सर्न या प्रयोगशाळेत तर 1977 साली म्युऑन गोल रिंगमध्ये गरगर फिरवून हेच आयुष्य 64 मायक्रोसेकंदांपर्यंत ताणलेलं मोजलंय.

आता जाणवत का नाही. कारण जाणवून घेणारा मेंदूही त्याच वेगात तुमच्यासोबत चाललाय. त्याच्यासाठी सेकंद सेकंदाएवढाच. म्युऑनला विचारलंत तर तो म्हणेल, मी माझे दोन-सव्वादोन मायक्रोसेकंदच जगलो, तुमचा डोंगरच दोनेकशे मीटरचा होता. दोघंही बरोबर. कंटाळवाण्या लेक्चरला वेळ का सरत नाही हे मात्र वेगळं प्रकरण, ते मानसशास्त्रवाल्यांना विचारा. आणि कृपा करून कुणी खाली पुराणातल्या रेवतीच्या वडिलांची, ब्रह्मलोकात थोडा वेळ थांबले तर पृथ्वीवर युगं उलटली, ती गोष्ट टाकू नका. गोष्ट सुंदर आहे, पण त्यातून एकही आकडा निघत नाही.

हां, एक राहिलं. फक्त वेगानेच असं होतं असं नाही, गुरुत्वाकर्षणानेही होतं. जीपीएस उपग्रहांची घड्याळं वेगामुळे दिवसाला 7 मायक्रोसेकंद मागे पडतात, पण उंचावर गुरुत्वाकर्षण कमी म्हणून 45 पुढे जातात. म्हणजे एकूण 38 पुढेच. त्यामुळे "वर गेलं की काळ मंदावतो" असं सरसकट लिहू नका.

विद्यार्थी असाल तर हा प्रोजेक्ट जरूर घ्या. फक्त ऋण म्युऑनांचं गणित जर्नलच्या पहिल्याच पानावर लिहा, आणि एक्स्टर्नलसमोर तेच पान उघडून ठेवा.