बाहुल्या रोज बुडतात, खेळ थांबवू का?

ताई, माझ्या बहिणीचं घर पुरात गेलं, मेहुणे त्यातच वारले. बहीण आणि तिची सहा वर्षांची मुलगी दोन महिन्यांपासून आमच्याकडे आहेत. भाची रोज एकच खेळ खेळते. खुर्च्या ओळीनं मांडते, वर बाहुल्या बसवते, ‘पाणी आलं, पाणी आलं’ म्हणत एकेकीला खाली ढकलते. बहिणीला ते बघवत नाही. भाचीला आम्ही ‘बाबा कामाला लांब गेलेत’ असं सांगितलंय. काही दिवस तिला एकटीला आत्याकडे पाठवावं, असंही घरात चाललंय. खेळ थांबवू का? – एक मावशी

थांबवू नका. बहिणीला मात्र त्या वेळी दुसऱ्या खोलीत जाऊ द्या. नवरा गेलेल्या बाईनं रोज तो पूर पुन्हा बघायची काही गरज नाही. भाचीजवळ तुम्ही बसा, तेही खाली, जमिनीवर.

१९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या चौचिला गावात शाळेची बस पळवून २६ मुलांना चालकासकट जमिनीखाली गाडलेल्या गाडीत कोंडलं होतं. सगळे जिवंत सुटले. लेनोर टेर या मनोविकारतज्ज्ञांनी पुढे काही वर्षं त्या मुलांचा पाठपुरावा केला. एरवी खेळून मूल हलकं होतं. या मुलांचे खेळ मात्र तेच ते, कंटाळवाणे, आणि खेळून झाल्यावरही भीती तशीच. म्हणून तुम्ही खेळाच्या शेवटाकडे लक्ष ठेवा. एखादी बाहुली कधी वाचते का? ती तुम्हाला खेळात घेते का? एखाद्या दिवशी सहज विचारा, ‘हिला हात द्यायला कोण येतंय?’ ‘कुणीच नाही’ म्हणाली तर राहू दे. आपण घाईनं होडी आणायची नाही. मोठ्या माणसांना शेवट गोड करायची फार घाई असते, मलाही होती. मात्र दोन महिने झालेच आहेत. आणखी तीन-चार आठवड्यांत काही बदललं नाही, किंवा सुटलेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू झालं, आईला क्षणभरही नजरेआड होऊ देईना, तर मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.

मला खेळापेक्षा ‘लांब गेलेत’ची जास्त काळजी वाटते. लांब गेलेला माणूस परत येतो. तो आला नाही, फोनही केला नाही, म्हणजे माझ्यावर रागावला, असा हिशेब सहा वर्षांचं मूल मनातल्या मनात मांडतं आणि आपल्याला कळूही देत नाही. ‘बाबा झोपलेत’ हे तर त्याहून वाईट. असं सांगितलेली एक मुलगी मी पाहिली आहे. आजोबांचा दुपारी डोळा लागला की ती बोटांनी त्यांच्या पापण्या उघडायची.

बहिणीनं, तुम्ही शेजारी असताना, तिला जवळ घेऊन सांगावं : ‘बाबा पुरात वारले. त्यांचं शरीर बंद पडलं. ते परत येणार नाहीत. तुझ्यामुळे काही झालं नाही.’ आधी खोटं सांगितलं, तेही कबूल करावं. आई रडली तर रडू दे. भाची कदाचित पाच मिनिटं रडेल आणि लगेच बाहुलीचा फ्रॉक मागेल. त्याचा धक्का घेऊ नका. दोन दिवसांनी ‘बाबा कधी येणार?’ असं पुन्हा विचारेल. पुन्हा तेच सांगायचं, त्याच शब्दांत.

आत्याकडे एकटीला पाठवायचं तेवढं टाळा. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते, तेव्हा ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या बालमनोविश्लेषक तिथल्या हॅम्पस्टेड भागात लहान मुलांसाठी निवासी संगोपनगृहं चालवत होत्या. त्यांनी नोंदवून ठेवलंय की बॉम्बहल्ल्यापेक्षा आईपासून झालेली ताटातूट मुलांना जास्त लागली. जायचंच तर मायलेकी दोघी जाऊ देत.

यजमान युद्ध चाललेल्या देशात नोकरीला होते. चार महिन्यांपूर्वी परतले. दार आपटलं तरी खाली वाकतात, रात्र रात्र जागे असतात, विषय काढला की उठून जातात. दीर म्हणतात, एकदा समोर बसवून सगळं बोलून घेऊ, मोकळे होतील. माझ्या आईच्या झोपेच्या गोळ्या आहेत, त्या देऊ का? – एक गृहिणी

दोन्ही नको. आईच्या गोळ्या आईलाच. असे प्रसंग झेललेल्यांना पहिल्या महिन्यात शांत झोप लागावी म्हणून बेन्झोडायझेपिन गटातली औषधं (झोपेच्या बऱ्याच गोळ्या याच गटातल्या) देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्येच सांगितलंय. यजमानांचा पहिला महिना उलटून गेलाय, पण औषध ठरवायचं ते त्यांना तपासून डॉक्टरांनी.

दिरांची कल्पना त्यांच्या एकट्याची नाही. एका बैठकीत सगळं बोलून घेण्याची पद्धत तज्ज्ञांमध्येही बरीच वर्षं जोरात होती. ब्रिटनमध्ये भाजलेल्या रुग्णांवर ती करून पाहिली. १९९७ मध्ये निष्कर्ष आले : १३ महिन्यांनी बैठक झालेल्यांपैकी २६ टक्क्यांना पीटीएसडी (आघातानंतर टिकून राहणारा मानसिक आजार), न झालेल्यांपैकी ९ टक्क्यांना. बैठकवाल्यांचं भाजणं मुळात जास्त होतं, हेही सांगायला हवं. तरी पुढच्या आढाव्यांतही फायदा काही सापडला नाही.

चार महिने झालेत, तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांकडे जायची वेळ झालीच आहे. मानसिक आघातावरची सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला मदत करणारी बोलण्याची उपचारपद्धती) आणि ईएमडीआर (ती आठवण मनात धरून डोळ्यांची ठरावीक हालचाल करवणारी पद्धत) हे उपचार उपयोगी पडतात. तिथेही ‘त्या’ दिवसांबद्दल बोलावं लागतं, पण त्यांच्या वेगानं आणि हे उपचार शिकलेल्या माणसासमोर. तोवर खोलीत शिरताना आधी आवाज द्या, मागून खांद्यावर हात ठेवू नका. आणि ‘विसरून जा’ हे शब्द दिरांना वापरू देऊ नका.

आमचा गट मदत छावणीत जाणार आहे. मुलांकडून आपत्तीची चित्रं काढून घ्यावीत का? – एक स्वयंसेवक

कागद-खडू जरूर न्या, विषय देऊ नका. आणि आधी पाणी, पांघरुणं, हरवलेल्यांचा शोध. २०११ मध्ये आलेल्या मानसिक प्रथमोपचाराच्या मार्गदर्शिकेचा सगळा गाभा बघा, ऐका, योग्य मदतीशी जोडून द्या एवढाच आहे.

माझ्या पहिल्या छावणीत मी एका नऊ वर्षांच्या मुलाला ‘काय झालं ते काढ’ म्हटलं होतं. त्यानं सायकल काढली. चेनची एकेक कडी, घंटी, मागचं फाटकं सीट. मी विचारलं, ‘आणि पाणी कुठंय?’ त्यानं कागद उलटा केला आणि उठून गेला. दोन दिवस माझ्याकडे फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी मी नळावर कॅन भरत होते, तेव्हा न बोलता येऊन त्यानं पाइप धरला. तीन कॅन भरून झाल्यावर विचारलं, ‘सायकल सापडेल का?’