शेवटपर्यंत टिकायचं तर

बाळ, बाप्तिस्म्याच्या दिवशीचा उत्साह जन्मभर पुरत नाही. छळापायी विश्वास सोडलेली माणसं मी क्वचितच पाहिली. रोजच्या धबडग्यात हळूहळू गळालेली मात्र पुष्कळ. बायबलमधल्या, प्रेषित पौलानं तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा ४था अध्याय उघड. पौलाचा सोबती देमास ऐहिक सुखासाठी थेस्सलनीकाला निघून गेला. आणि त्याच अध्यायात मार्काला बोलावणं आहे बघ, जो पूर्वी पौलाला प्रवासात सोडून पंफुल्याहून अर्ध्यातच परतला होता! म्हणून पाय घसरला तरी रविवारी ये.

माझ्या आईची नजर शेवटी गेली होती. तरी पहाटे उशाशी चाचपून बायबल छातीशी धरायची अन् २३वं स्तोत्र पुटपुटायची. पाठ होतं म्हणून. तूही आत्ताच पाठ कर, रंकाळ्यावर फिरताना का होईना. एकटा मात्र राहू नकोस. बुधवारी संध्याकाळी सातला आमच्या घरी प्रार्थना असते.