रोबोटनं करायचं की छाती उघडून? एका आक्कांची बायपास

"मॅडम, रोबोटनं होतंय म्हणे. मग आईची छाती कशाला फाडायची?"

हृदयाच्या शस्त्रक्रियेआधी मी रुग्णांचं समुपदेशन करते, तिथं हा प्रश्न हल्ली वरचेवर येतो. विचारणारा बहुधा मुलगा असतो, पुण्याहून रात्रीच्या गाडीनं बेळगावात उतरलेला, मोबाईलवर व्हिडिओ तयार. आई शेजारी पदर सावरत बसलेली. तिला कुणी काही विचारलेलंच नसतं.

खानापूर तालुक्यातल्या एका आक्कांचं सांगते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). साठीच्या आसपासच्या, साखर जुनी. चढ चढताना दम लागायचा, पाठ आणि जबडा दुखायचा, पण छातीत कळ अशी आलीच नाही. घरच्यांनी पित्त समजून बरेच महिने काढले. बायकांचं असं फार होतं. त्या उशिरा येतात, तोवर आजार पसरलेला असतो. त्यात हृदयाच्या नसा मुळात बारीक. बायपासमध्ये पुरुषांपेक्षा त्यांना धोका थोडा जास्त असतो, त्यामागे ही कारणं आहेत. मुलाचं म्हणणं सरळ होतं: धोका जास्त, तर चीर लहान घ्या.

त्याला आधी एवढंच सांगितलं, की रोबोट आपलं आपण काही करत नाही. सर्जन बाजूच्या यंत्रावर बसून त्याचे हात चालवतात. बरगड्यांच्या फटीतून छातीच्या आतली धमनी सोडवायची आणि लहानशा चिरेतून ती हृदयाच्या पुढच्या मुख्य नसेला, म्हणजे एलएडीला, जोडायची. छातीचं हाड कापावं लागत नाही. पण यात साधारण तेवढ्या एकाच नसेचं काम होतं. उरलेल्या नसांत अँजिओप्लास्टी करून स्टेंट, म्हणजे नस उघडी ठेवणारी जाळीची नळी, घालतात, त्याच दिवशी किंवा नंतर. या जोडकामाला हायब्रिड म्हणतात. नेहमीच्या बायपासमध्ये मधलं हाड उघडून सगळ्या नसांना एकाच वेळी नवा रस्ता देतात. एलएडीला तीच छातीतली धमनी, बाकीच्यांना बहुधा पायातली शीर. धमनीचा जोड दहा वर्षांनंतरही बहुतेकांत चालू असतो, पायातल्या शिरेचा तेवढा भरवसा नाही. हायब्रिडची बाजू भक्कम आहे ती इथंच: त्या शिरेऐवजी स्टेंट.

म्हणून सगळं उरलेल्या नसांवर येऊन ठरतं. आक्कांच्या अँजिओग्राफीत उजवी नस लांबपर्यंत खराब होती, मागच्या नसेला फाट्यावरच अडथळा. स्टेंट घालायला जागा धड नव्हती. साखर आणि तीनही नसा बंद, अशा रुग्णांत स्टेंटपेक्षा बायपास सरस ठरते, हे २०१२ च्या फ्रीडम नावाच्या मोठ्या अभ्यासात दिसलं होतं. हायब्रिडचे दूरवरचे निकाल अजून तुटपुंजे, आणि अशा अभ्यासांत बायका थोड्याच. डॉक्टरांनी नेहमीची बायपास सांगितली. मुलाचं तोंड उतरलं. त्याला वाटलं, आपण पैशाला मागे पडलो असं आईला वाटेल.

मग मी मुलाला चहाला पाठवलं. आक्का म्हणाल्या, "मला ते रोबोट-बिबोट कळत न्हाई बाई. छातीचं हाड परत जुळतंय का, तेवढं सांगा." आणि जरा थांबून, हळूच: "ड्रेसिंगला बाप्ये येतात का?"

मला विचाराल तर समुपदेशन इथून सुरू झालं. हाड तारेनं बांधतात, ते जुळायला सहा ते आठ आठवडे, पुरतं पक्कं व्हायला साधारण तीन महिने. ड्रेसिंगला सिस्टर मागता येते, लाजू नका. साखर असलेल्या आणि अंगानं भरलेल्या बायकांत ही जखम चिघळण्याची भीती जास्त, कारण स्तनांच्या वजनानं टाके ओढले जातात. म्हणून पुढून हुक असलेली मऊ, आधार देणारी बॉडी (ब्रा) लागते. आक्कांनी आयुष्यात कधी घातली नव्हती. सुनेनं मापाची आणून दिली. खोकताना उशी छातीशी धरायची, उठताना कुशीवर वळायचं, हातावर भार नाही. भरलेली घागर तीन महिने बंद. यावर त्या पहिल्यांदा हसल्या, "मग पाणी कोण आणंल, तुमचा रोबोट?" सुनेनं मान हलवून ते काम अंगावर घेतलं. मशेरी सोडायची गोष्ट मात्र त्यांनी ऐकली न ऐकल्यासारखी केली. त्यावर पुढं बरंच भांडण झालं.

मुलाला दोन कामं दिली. सरकारी आरोग्य योजनेच्या कार्डावर नेमकी कुठली शस्त्रक्रिया बसते, ते भरती होण्याआधी आरोग्यमित्राकडून, म्हणजे दवाखान्यातल्या योजनेच्या माणसाकडून, पक्कं करून घे. संमतीचा कागद कन्नड-इंग्रजीत असला, तर सही करण्याआधी तो आईला मराठीत वाचून दाखवायला सांग.

हायब्रिड जमणाऱ्या बायकाही असतात. निपाणीकडच्या एका बाईंना एलएडी आणि दुसऱ्या नसेत एक आखूड अडथळा, फुप्फुसं चांगली. (ती महत्त्वाची, कारण शस्त्रक्रिया चालू असताना एक फुप्फुस बंद ठेवतात.) त्या काही आठवड्यांत कामाला लागल्या. त्यांच्या नवऱ्याला मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली: स्टेंट आहे, रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन्ही गोळ्या डॉक्टरांनी सांगेपर्यंत, बहुधा वर्षभर, एक दिवसही चुकवायच्या नाहीत. दात काढायचा असला तरी आधी इथं विचारायचं.