पोरीला सांगून निघ

चि. बाळ, अनेक आशीर्वाद.

तुझा रात्रीचा लांबलचक मेसेज वाचला. पोरीची नर्सरी बदलू का, तिला वर्षभर घरीच ठेवू का, कन्नड कळत नाही म्हणून रडते का, हेच तू फिरून फिरून विचारलंस. मधेच एका ओळीत लिहिलंस, की ती मण्यांत रमली तसा तू गुपचूप गाडी काढून बेळगावातच उद्यमबागला कामावर गेलास. नर्सरीतल्या बाईंनीच तसं सांगितलं होतं. मला त्या ओळीवरच बोलायचं आहे. पोरीला सांगून निघ.

आता ती रात्री उठून तू अंथरुणात आहेस का बघते, तू न्हाणीत गेलास तरी दाराशी येऊन बसते, हे तूच लिहिलंयस. दिसेनासं झालेलं माणूस परत येतं, हा भरवसा तीन वर्षांच्या लेकराला अनुभवानंच येतो. बाबा जातो म्हणाला, गेला, म्हणाला होता तेव्हा आला. असं पुष्कळदा घडावं लागतं. तू न सांगता गेलास आणि ती वेगळंच शिकली: मणी ओवायला मान खाली घातली की बाबा नाहीसा होतो. मग ती खेळेल कशाला? ती तुझ्यावर नजर ठेवूनच बसणार.

सांगितलं की जास्त रडते, म्हणशील. रडेलच. रडू दे की! बापासमोर मोकळं रडलेलं पोर बाईंच्या कडेवर लवकर शांत होतं, हे मी माझ्या वर्गात वर्षानुवर्षं बघितलंय. जवळ घे, एकदाच सांग, आणि नीघ. दारातून तीनदा मागं फिरू नकोस, खिडकीतून डोकावू नकोस. तिला घड्याळ कळत नाही, तेव्हा बारा वाजता येतो म्हणून उपयोग नाही. ‘डबा खाऊन झाला, हात धुतले, गाणं झालं की मी फाटकाशी’ असं सांग. आणि त्या वेळी फाटकाशी अस. तुला जमणार नसेल तर कोण येणार तेही सकाळीच सांग.

वडगावात बालवाडी घेत होते तेव्हा जून महिनाभर मी आईबापांना आत सतरंजीवर बसू द्यायची. बाहेर धो धो पाऊस, आत छत्र्या, ओल्या चपला, कडेवरची पोरं. संस्थेच्या लोकांना ते खपायचं नाही. बैठकीत मला सुनावलं, शिस्त मोडते म्हणून लेखी विचारलं. मी हटले नाही, आणि आज पुन्हा वर्गावर उभी राहिले तरी तेच करीन. एक पोर मात्र मनातून जात नाही. चॉकलेट आणतो म्हणून त्याचे काका त्याला सोडून गेले. ते चप्पल काढेना, दप्तर उतरवेना, दाराशीच उभं. काका येतील असं मी त्याला सांगत राहिले. त्याला ते पटेना, आणि का पटावं? पुढच्या आठवड्यात त्याचं नाव काढलं. मग ते मला कधी दिसलंच नाही.

बालशिक्षणाचं काम उभं करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि नंतर कोसबाडला काय केलं? लेकरं शाळेत येईनात तेव्हा शाळाच वाडीवर, त्यांच्या अंगणात नेली. पोर आपल्या माणसांपासून तुटून शिकत नाही, हे त्यांनी इतक्या आधी ओळखलं. आणि आपण अजून बापाला गुपचूप पळायला सांगतो! याचा मला राग येतो, बाळा. तुझा नाही.

कन्नडचं म्हणशील तर ती शिकेल. आपल्या गल्लीत मागावरच्या घरांतली पोरं एकाच खेळात मराठी-कन्नड दोन्ही बोलतात, त्यांना कुणी शिकवलं? फक्त पहिले काही आठवडे तिची शू, तिचं पोटात दुखणं, तिची तहान मराठीत कळणारं एक माणूस तिथं पाहिजे. बाईंना नसेल येत तर मदतनीस अक्कांना विचार. पाण्याला, झोपेला, शूला ती काय म्हणते ते कागदावर लिहून दे. मोठ्यांचा भाषेचा वाद मोठ्यांपाशीच राहू दे. त्यासाठी तिनं चड्डी ओली करायची नाही.

घरी ठेवायचं तर ठेव. शिक्षण हक्काचा कायदासुद्धा सहा वर्षांपासूनची पोरं मोजतो, तिला कसली घाई नाही. पण वर्षानं तू पुन्हा तसाच पळालास तर ती पुन्हा तशीच रडेल. नर्सरी बदललीस तरी तेच. म्हणून सांगते, पोरीला सांगून निघ.

आज रात्री तिला जवळ घेऊन एवढंच बोल, की त्या दिवशी बाबा न सांगता गेला, आता बाबा सांगून जाणार. तिला कळतं. पहिल्या शिफ्टमुळे थांबता येत नसेल तर मला फोन कर, चार दिवस मी येते तिच्याबरोबर बसायला. फक्त मी येणार हे तिला आदल्या रात्री सांगून ठेव.

तुझ्या बालवाडीच्या बाई