टँकर कुठून जावा, कुठे थांबावा?

(रस्ता आणि वाहतुकीविषयी वाचकांचे प्रश्न, उत्तरे : एक निवृत्त मोटार वाहन निरीक्षक)

प्रश्न : आमचं घर चिपळूणजवळ महामार्गाला लागून आहे. लोट्याच्या एमआयडीसीत जाणारे रसायनांचे टँकर रात्री आमच्या वाडीसमोर सर्व्हिस रोडवर लागतात. सकाळी मुलं त्यांच्यामधून वाट काढत शाळेच्या गाडीपर्यंत जातात. ग्रामपंचायत म्हणते महामार्ग आमच्याकडे नाही, पोलीस म्हणतात आरटीओला कळवा. गावातले काही जण म्हणतात, सगळे टँकर चिरणीच्या रस्त्याने वळवा. बंदी घालण्याचा अधिकार आहे तरी कोणाचा?
— एक गृहिणी, चिपळूण तालुका

उत्तर : ताई, मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११५ खाली हा अधिकार राज्य सरकारचा आणि सरकारने नेमलेल्या प्राधिकाऱ्याचा, म्हणजे जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांचा. लोकांच्या सुरक्षिततेसाठी ठरावीक प्रकारच्या वाहनांना ठरावीक रस्त्यावर, ठरावीक वेळेत मनाई करता येते. मनाई महिन्याभराहून जास्त असेल तर राजपत्रात अधिसूचना हवी आणि रस्त्यावर तसे फलक लावायला हवेत. २०२२ च्या उन्हाळ्यात परशुराम घाटाच्या कामासाठी दुपारची वाहतूक बंद ठेवली आणि हलकी वाहनं चिरणी-आंबडस-कळंबस्ते मार्गे काढली, आठवत असेल. तो आदेश जिल्हाधिकाऱ्यांचाच होता. तेव्हा ‘आमच्या हातात नाही’ हे ग्रामपंचायतीचं म्हणणं खरं असलं, तरी कोणाच्याच हातात नाही असं मुळीच नाही.

याच कलमाचा आपल्याकडे सर्वांत मोठा वापर गणपतीत होतो. चाकरमान्यांच्या गाड्या सुटल्या की मुंबई-गोवा महामार्गावर १६ टन आणि त्याहून जास्त क्षमतेच्या अवजड वाहनांना बंदी येते. त्या आदेशातली सूट कधी नीट वाचा. दूध, भाजीपाला, औषधं, ऑक्सिजन यांच्या जोडीला पेट्रोल, डिझेल आणि स्वयंपाकाच्या गॅसलाही सूट असते. सूट द्यावी लागते हे मला मान्य आहे, ऐन सणात गॅस संपून चालणार नाही. पण परिणाम काय होतो? सळ्यांचा ट्रक बाजूला उभा राहतो आणि गॅसचा टँकर वर्षातल्या सगळ्यात मोठ्या गर्दीतून पुढे जातो. इतकी वर्षं मी हेच सांगत आलोय, की आपण बंदी वजन बघून घालतो आणि धोका मात्र टाकीच्या आत असतो. नियमन करायचं तर आत काय आहे ते बघून करायला हवं.

हा धोका कागदावरचा नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये लांज्याजवळ आंजणारी पुलावरून गॅसचा टँकर काजळी नदीत कोसळला. चालक गेला आणि महामार्ग कित्येक तास बंद राहिला. नदीऐवजी वस्ती असती तर काय झालं असतं, हे पाहायचं असेल तर केरळातलं कण्णूरजवळचं चाला आठवावं. २७ ऑगस्ट २०१२ च्या रात्री तिथे भरवस्तीत गॅसचा टँकर उलटला, गॅसने पेट घेतला आणि २० जणांचे प्राण गेले. रस्ता हाच, आपल्या दारावरून जाणारा. तेव्हा त्याला १७ क्रमांक होता, आता ६६ आहे. हा गॅस हवेपेक्षा जड. तो वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरतो, गटारात, पऱ्यात, अंगणातल्या खोलगट भागात साचतो आणि कुणाच्या तरी चुलीची वाट बघतो.

म्हणून चिरणीचा उपाय मला अजिबात पटत नाही. तो रस्ता अरुंद, वळणावळणाचा, घरांच्या पडव्यांना खेटून जाणारा. तिथे टँकर कलंडला तर मागचा टँकर वळवता येणार नाही आणि अग्निशमनचा बंब पुढे येणार नाही. तुमच्या मुलांसमोरचा धोका उचलून दुसऱ्या वाडीतल्या मुलांसमोर ठेवणं एवढंच त्यातून होईल. धोकादायक मालाने रुंद रस्त्यावरूनच जावं. मात्र कधी जावं आणि कुठे थांबावं, हे ठरवून द्यायला हवं.

थांबण्याबद्दल तर नवीन आदेशाचीही गरज नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १३३ स्पष्ट सांगतो : धोकादायक माल भरलेली गाडी चालत नसेल तेव्हा आग, स्फोट वगैरेंपासून सुरक्षित अशाच जागी उभी करायची, आणि ती कायम चालकाच्या किंवा १८ वर्षांवरच्या जबाबदार माणसाच्या नजरेखाली हवी. तुमच्या वाडीसमोरचा सर्व्हिस रोड या व्याख्येत बसत नाही. पोलीसही यावर कारवाई करू शकतात आणि आरटीओही. अर्जात हा नियम आकड्यासह लिहा. आकडा लिहिला की टेबलावरचा माणूस अर्ज पुढे सरकवतो, हा माझा खात्यातला अनुभव आहे.

टँकरवरचा फलक वाचायलाही शिका. चौकोन तिरका उभा केल्यासारखं चिन्ह असतं आणि चार आकडी क्रमांक असतो. १०७५ म्हणजे एलपीजी, १२०३ पेट्रोल, १०१७ क्लोरीन, १८३० सल्फ्युरिक ॲसिड. रात्री कोणत्या क्रमांकाचे टँकर लागतात ते दुरूनच वहीत लिहून ठेवा. ‘केमिकलच्या गाड्या’ या तक्रारीपेक्षा तुमची वही जास्त बोलेल.

हा फलक खरा असणं किती गरजेचं आहे ते सांगतो. कशेडी घाटाखाली तपासणीत मी एक टँकर थांबवला होता. मागच्या बाजूला चिखल बसलेला. क्लीनरला फडकं मारायला लावलं तर खाली १८३०. बिल्टी, म्हणजे मालाची पावती, मागितली, तर तिच्यावर मिथेनॉल, ज्याचा क्रमांक १२३०. आधीच्या फेरीचा फलक कोणी बदललाच नव्हता. चालक म्हणाला, “साहेब, बोर्ड लावणारे वेगळे, मी नुसता चालवतो.” मिथेनॉलची ज्वाळा भर उन्हात डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही. तो टँकर पेटला असता आणि ॲसिड समजून अग्निशमनचा एखादा जवान जवळ गेला असता, तर तो आगीतच शिरला असता. मी त्या दिवशी फार चिडलो होतो, आणि आजही ते आठवलं की तसाच चिडतो.

आणखी एक दार ठोठवा. रासायनिक अपघातांसंबंधीच्या १९९६ च्या नियमांप्रमाणे औद्योगिक पट्ट्यासाठी स्थानिक आपत्ती गट असतो. प्रांताधिकारी अध्यक्ष असतात, कारखाने निरीक्षक सदस्य-सचिव. धोकादायक रसायनांचे वाहतूकदार, पोलीस, अग्निशमन अधिकारी, डॉक्टर, जवळच्या गावचे सरपंच, स्थानिक वर्तमानपत्राचे संपादकसुद्धा त्यात असतात. गटाची बैठक दरमहा व्हायला हवी आणि सहा महिन्यांतून एकदा पूर्ण रंगीत तालीम. लोकांच्या प्रश्नांना उत्तर देणं हे या गटाचं काम आहे. तुमच्या सरपंचांना विचारा, शेवटच्या बैठकीला ते होते का, आणि टँकरच्या थांब्याचा विषय निघाला का. नसेल निघाला, तर ग्रामसभेचा ठराव घेऊन तो काढायला लावा. ठरावात नुसतं ‘बंदी करा’ असं नको. शाळा सुटण्या-भरण्याच्या वेळांत ज्वलनशील, विषारी आणि दाहक मालाला बहादूरशेख नाक्यापासून शहराच्या हद्दीपर्यंत मनाई मागा. कुंभार्ली घाट उतरून कराडकडून येणाऱ्या गाड्याही त्यात घ्या. आणि वस्तीपासून दूर, पाणी-संडास असलेला, पहारा असलेला थांबा एमआयडीसीच्या बाजूला मागा. घाटात दरड आली की अडकलेले टँकरही तिथेच नेता येतील. आज ते पेढे-परशुरामच्या घरांसमोर रांग लावतात.

प्रश्न : मी टँकर चालवतो. कारखान्यात सकाळशिवाय आत घेत नाहीत, ढाब्यावर उभं केलं तर गावकरी हाकलतात, सर्व्हिस रोडवर लावलं तर दंड. आम्ही रात्र काढायची कुठे?
— एक चालक, खेड

उत्तर : भाऊ, तुमचं म्हणणं बरोबर आहे, आणि वरच्या पत्रातल्या ताईंचा प्रश्न तुमच्या प्रश्नाशिवाय सुटणार नाही. थांबा मागणाऱ्या ठरावाला तुमच्या वाहतूकदार संघटनेनेही पत्र जोडावं. आपत्ती गटात वाहतूकदारांच्या दोन जागा आहेत त्या याचसाठी. दंडाबद्दल एक ध्यानात ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० च्या तिसऱ्या पोटकलमात धोकादायक मालाचे नियम मोडल्यास पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपये दंड किंवा वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही, शिवाय ३ महिने लायसन्स बाद. पण ते कलम चालवणाऱ्याइतकंच चालवायला लावणाऱ्यालाही लागू आहे. मालकाला हे दाखवा. माल भरताना आत काय आहे ते लेखी घ्या, फलकाचा क्रमांक बिल्टीशी स्वतः ताडून बघा, ट्रेम कार्ड (अपघात झाला तर काय करायचं ते सांगणारं मालाचं कार्ड) तुम्हाला वाचता येईल अशा भाषेत मागून केबिनमध्ये हाताशी ठेवा. रात्री गळतीचा वास आला तर व्हॉल्व्हशी झटापट करत बसू नका. इंजिन बंद करा, वारा जिकडून येतोय त्या बाजूला लांब जा, लोकांना हटवा आणि ११२ ला फोन करून आधी फलकावरचा क्रमांक सांगा, जागा त्यानंतर लगेच.