हट्ट की आजार?

वाचकांची पत्रे वेगवेगळी असली तरी बहुतेकांनी एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते: शिकलेले वागणे सोडून दुसरीकडे वळणे हा नुसता इच्छाशक्तीचा मामला आहे. तसे नाही.

प्रश्न : मी एका वेळी तीन कामे करते. मेंदूला सवय होते ना?

एका वेळी नव्हे, तुम्ही कामांमध्ये ये-जा करता आणि दर फेरीला वेळ गमावता. मानसशास्त्रज्ञ आर्थर जर्सिल्ड यांनी हे १९२७ मध्येच मोजून दाखवले.

प्रश्न : २१ दिवसांत जुनी सवय पुसली जाते का?

२१ दिवस ही ऐकीव गोष्ट. आणि पुसली तर ती कधीच जात नाही. जुना धडा मेंदूत राहतो, नवा त्याला दाबून ठेवतो. म्हणून ताण आला, झोप कमी पडली की जुनी सवय डोके वर काढते. मात्र रोजची दारू असेल तर एका दिवसात बंद करू नका, फिट येऊ शकते. आधी डॉक्टरांना भेटा.

प्रश्न : वडील ५८ वर्षांचे. रोज तेच जेवण, तोच रस्ता, घरात कुणी रडले तरी ढिम्म. स्मरणशक्ती उत्तम. वयाचा हट्ट म्हणून सोडून द्यावे का?

मुळीच नाही. अशी पत्रे मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतात, कारण ती बहुधा उशिरा येतात.

जुन्या सवयीवरून वळण्यासाठी मेंदूला बरेच काही करावे लागते. अपेक्षित फळ मिळाले नाही की डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचा संदेश मंदावतो. डोळ्यांच्या वरचा ऑर्बिटोफ्रंटल भाग 'आता हिशेब बदलला' हे टिपतो. मेंदूत खोलवर असलेला सबथॅलॅमिक न्यूक्लियस चालू कृतीला लगाम घालतो, आणि कपाळामागचा फ्रंटल लोब व मेंदूच्या आतले स्ट्रायटम, थॅलॅमस यांच्या साखळीतून नवी कृती पुढे येते. यातली एक कडी निसटली तरी माणूस जुन्याच वाटेने जात राहतो. मेंदू-मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी १९६३ मध्ये हे पत्त्यांच्या चाचणीतून दाखवले. पत्ते लावण्याचा नियम न सांगता बदलला जाई. फ्रंटल लोबवर शस्त्रक्रिया झालेले काही रुग्ण, दर वेळी 'चूक' ऐकूनही, जुन्याच नियमाने पत्ते लावत राहिले. त्याला हट्ट म्हणाल?

वडिलांच्या बाबतीत असाच एक आजार तपासायला हवा: फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया, म्हणजे मेंदूचा पुढचा व कानशिलाजवळचा भाग झिजत जाणे. तो बहुधा ४५ ते ६५ या वयात सुरू होतो. सुरुवातीला स्मरणशक्ती शाबूत असते, म्हणूनच घरचे फसतात. नैराश्य, थायरॉइड, मेंदूतली गाठ यांतूनही वागणे बदलते, आणि त्यांतल्या काहींवर चांगले उपचार आहेत. नातेवाइकांकडून निदान करून घेऊ नका. न्यूरॉलॉजिस्टकडे जा, बरोबर जाणाऱ्याने बदल कधीपासून आहे ते लिहून न्यावे. आणि बदल काही तासांत किंवा दिवसांत झाला असेल, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा.

प्रश्न : 'मेंदू लवचीक करणारे' ॲप घ्यावे का?

खेळायचे तर खेळा. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ११,४३० जणांनी सहा आठवडे असा सराव केला. त्या खेळांत ते तरबेज झाले, पण सराव न केलेल्या चाचण्यांत त्याचा फायदा उतरला नाही. जाहिरातीत फक्त पहिला अर्धा भाग छापतात.

प्रश्न : पार्किन्सन्सच्या गोळ्या सुरू झाल्यापासून आई ऑनलाइन जुगार खेळते. गोळ्या थांबवू का?

स्वतःहून नाही, अचानक थांबवणे धोक्याचे. डोपामिन ॲगोनिस्ट (डोपामिनसारखे काम करणाऱ्या) गटातल्या औषधांचा हा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. आजच त्यांच्या डॉक्टरांना कळवा, आणि डोस ठरेपर्यंत बँकेचे व्यवहार आईच्या संमतीने तुम्ही बघा.